मक्यावरची वरात

चर्चमधून बाहेर पडल्यावर बोझेना गाडीत कोणी कुठे बसायचं, हे नवरीने, जोलीनने, आधीच ठरवून ठेवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं, आणि म्हणूनच मार्लिस अडकली.

तिला वाटलं होतं, नवरानवरी पुढे गेली की आपण आपली पिकअप काढू आणि मागून निवांत हॉलवर पोचू. पण पायऱ्यांवर तांदूळ उडत असतानाच नवरीने एका हाताने झगा सावरला, दुसऱ्या हाताने आत्याचं मनगट धरलं आणि तिला सरळ गाडीकडे ओढत नेलं.

"आत्या, तू पुढे. देदांना धरायला कुणीतरी हवं ना. त्या सीटवरून ते घसरतात."

"मी कधी घसरलो?" एमिल म्हणाला. सगळी नातवंडं त्याला देदा म्हणायची; आजोबांसाठीचा तो चेक शब्द घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या टिकून होता. वय नव्वदीकडे झुकलेलं, पण सूटच्या खिशात झेंडूचं फूल खोचून स्वारी खिडकीपाशी ऐटीत बसली होती.

बोझेना म्हणजे वोंद्रा घराण्याची हिरवी, पोट सुटलेली जुनी मोटार. एमिलने ती तरुणपणी घेतली होती. तिला हे नाव कुणी दिलं यावर घरात एकमत नव्हतं, पण वोंद्रांच्या घरातली नवरी चर्चपासून हॉलपर्यंत बोझेनातूनच जाते यावर होतं. तिची पुढची सीट एकसंध, बाकासारखी. खिडकीशी बाप एमिल, स्टिअरिंगशी भाऊ लॅडी, म्हणजे जोलीनचे वडील, आणि मध्ये मार्लिस. गेल्या तीन वर्षांत ती आणि लॅडी एका खोलीतसुद्धा बसले नव्हते, आणि आज त्यांच्या खांद्याला खांदा लागला होता.

मागे जोलीन आणि कोल्टन. जावई ओमाहा शहराचा, विजेवर चालणारी गाडी वापरणारा. मक्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्याचा अध्यक्ष असलेल्या लॅडीला असा बॅटरीवाला जावई मिळाला, यावर बेला गाव उन्हाळाभर हसत होतं.

गाडी सुटली. चर्चची घंटा मागे पडली आणि दोन्ही बाजूंना मका सुरू झाला. सप्टेंबरचा मका, माणसाच्या डोक्याच्या वर गेलेला, पानांच्या कडा नुकत्या पिवळ्या पडू लागलेल्या.

"जोलीन," मार्लिस समोर बघत म्हणाली, "तुझ्या डॅडला सांग, गियर टाकताना कोपर माझ्या बरगडीत घालू नकोस म्हणावं."

"तुझ्या आत्याला सांग," लॅडी म्हणाला, "बरगडी जरा आत घे म्हणावं. गियर तिथेच आहे, अगदी पहिल्यापासून."

"तुम्हा दोघांना मी सांगते," मागून नवरी म्हणाली, "माझं लग्न आहे. एकमेकांशी बोला, नाहीतर मी रडेन. डोळ्यांचं काजळ मुद्दाम वॉटरप्रूफ घेतलेलं नाही."

दोघंही गप्प बसली. नेब्रास्काच्या त्या भागातली माणसं रडण्याच्या धमकीपुढे गप्पच बसतात.

भांडण साधं नव्हतं. गावाच्या टोकाला शेतकऱ्यांनीच भांडवल घालून उभा केलेला तो कारखाना म्हणजे लॅडीचं आयुष्य. तो आला आणि बंद पडायला आलेली शाळा टिकली, शहराकडे गेलेली चार पोरं बायकामुलांसह परतली. मार्लिस हे नाकारत नव्हती. पण कारखाना पाणी प्यायचा. एका कोरड्या उन्हाळ्यात त्याच्या नव्या बोअरमुळे तिच्या घरच्या पंपाने हवा ओढायला सुरुवात केली आणि अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत ती नळाखाली उभी राहिली. शाळेच्या जिममध्ये सभा झाली. ती बोलायला उठली. आणि तिचा सख्खा भाऊ अध्यक्षाच्या खुर्चीतून म्हणाला, "काहींच्या विहिरी उथळ असतात. विचारही."

लोक हसले होते. ते हसू अजून तिच्या कानात होतं.

आता कारखाना दुप्पट करायचा घाट होता आणि त्यासाठी नवं बोअर हवं होतं, एमिलच्या उत्तरेच्या तुकड्यात, कारण त्या भागात पाणी तिथेच सगळ्यांत चांगलं. मंगळवारी संचालकांची बैठक होती. लॅडी बापाकडे नकाशे घेऊन जायचा, मार्लिस खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड चेक पाव, घेऊन. एमिल नकाशे बघायचा, कोलाचे खायचा आणि दोघांनाही सांगायचा, "आधी पोरीचं लग्न होऊ दे."

"लॅडी," एमिल हवा हुंगत म्हणाला, "बोझेनाला आज दारूचा वास का येतोय?"

लॅडी याच प्रश्नाची वाट बघत होता. त्याची छाती फुगली ती मार्लिसला खांद्यानेच कळली.

"कारण आज ती दारूवरच चाललीय, बाबा. शंभरात पंच्याऐंशी भाग आपलं इथेनॉल. कार्ब्युरेटरची जेट मी स्वतः मोठी करून घेतली. आणि मका कुठला माहितीये? गेल्या वर्षीचा, तुमच्या उत्तरेच्या तुकड्यातला. तुमच्या नातीची वरात तुमच्या मक्यावर चाललीय."

म्हाताऱ्याने डॅशबोर्डवर हात ठेवला. मार्लिसने त्याचा चेहरा पाहिला. एक डाव गेला, तिच्या मनात आलं. आणि डाव मोठा सुंदर होता, हेही तिला कबूल करावं लागलं.

"जोलीन, विचार तुझ्या डॅडला," ती तरी म्हणालीच, "त्याच टाकीत गाडी पाव अंतर कमी पळते हे बाबांना सांगितलं का म्हणावं."

"आत्याला सांग, पळायला कमी असेल पण जोर जास्त आहे. आणि ते कुठल्या वाळवंटातून जहाजात भरून आणावं लागत नाही."

"हो ना. ते आमच्या विहिरीतून आणावं लागतं. बाटलीभर इथेनॉलला तीन बाटल्या पाणी."

"पेट्रोल काय पाण्याशिवाय बनतं?"

"आणि मक्याला घातलेल्या खताचं काय? ते झिरपून विहिरीत उतरतं. बेलात तान्ह्या बाळांना बाटलीतलं पाणी पाजतात, लॅडी!"

लॅडी तिच्याकडे वळला. मार्लिसच्याही लक्षात आलं, तिने थेट त्याचं नाव घेतलं होतं.

आणि त्याच क्षणी बोझेनाला ठसका लागला. एक, मग लागोपाठ दोन. गचके देत ती शेतकरी ओर्विल स्टाराच्या घराजवळच्या वळणापर्यंत गेली आणि खडीच्या रस्त्याच्या मधोमध शांतपणे उभी राहिली.

मक्याची पानं सळसळत होती. दुसरा आवाज नव्हता.

"विजेच्या गाडीला हे होत नाही," कोल्टन हळूच म्हणाला.

"पोरा," लॅडी स्टिअरिंगकडे बघत म्हणाला, "तू अजून एक तासाचासुद्धा जावई नाहीस."

तो उतरला. बॉनेट उघडल्याचा आवाज आला. मार्लिस दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिचा नवा फिकट निळा ड्रेस होता. हे तिचं काम नव्हतं. गाडी त्याची, इथेनॉल त्याचं, लेक त्याची. समोर त्याचं ढुंगण तेवढं दिसत होतं, आणि त्याच्या शिव्या ऐकू येत होत्या, अर्ध्या इंग्रजी, अर्ध्या चेक. त्यांच्या लहानपणी बाप ज्या शिव्या द्यायचा, त्याच.

"चुकीच्या ठिकाणी बघतोय," एमिल म्हणाला.

"माहितीये मला," मार्लिस म्हणाली.

"मग?"

ती बापाच्या गुडघ्यांवरून पलीकडे उतरली.

ही गाडी त्या दोघांनीच एकदा पूर्ण उघडली होती. शाळेत असताना, हिवाळाभर, कोठारात. इंजिनचा प्रत्येक तुकडा जुन्या चादरीवर मांडून. पंपाखालची काचेची छोटी वाटी, जिच्यात पेट्रोलमधला गाळ साचतो, ती धुवायचं काम तेव्हा मार्लिसचं असायचं, कारण तिची बोटं लहान होती.

तिने वाकून पाहिलं. वाटी तपकिरी चिखलाने गच्च भरली होती.

"पाना," तिने हात पुढे केला.

लॅडीने तिच्याकडे पाहिलं. "कितीचा?"

"तुला माहीत नाही कितीचा?"

त्याने दिला. बरोबर तोच. तीन वर्षांनंतरचं त्यांचं पहिलं धड बोलणं ते एवढंच होतं, आणि दोघांनीही त्याची दखल घेतली नाही.

"इथेनॉलने टाकीतला सगळा गंज सोडवलाय," ती म्हणाली. वाटी तिने खडीवर उपडी केली. "साधं पेट्रोल वर्षानुवर्षं त्याच्या अंगावरून जातं, त्याला हात लावत नाही. हे तुझं औषध सगळं खरवडून घेऊन आलं. टाकी धुवायला नको होतीस?"

"धुतली होती."

"किती वेळा?"

लॅडीने कानामागे खाजवलं. "डार्लाला हॉलच्या पताका लावून हव्या होत्या."

तेवढ्यात डार्लाचाच फोन आला, कोल्टनच्या खिशात. नवरीची आई हॉलवर अडीचशे पाहुण्यांसमोर उभी होती. तिचा आवाज फोन कानाला न लावताही सगळ्यांना ऐकू आला.

"कुठे आहात? डम्पलिंगची दगडं होतायत!"

"ओर्विलच्या वळणावर," कोल्टन म्हणाला. "गाडीला थोडी... दारू चढलीय."

वाटी लावली, गाडी सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत आत बसले. गाडी जेमतेम शंभर पावलं गेली आणि पुन्हा बंद पडली. वाटी पुन्हा भरली होती. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा लॅडीने स्टार्टर मारायचंही सोडलं. तो पायदानावर बसला, भाड्याच्या काळ्या सूटमध्ये, हाताला कोपरापर्यंत काळं.

"कोल्टनची गाडी बोलावू का?" तो अगदी हळू आवाजात म्हणाला. "जोलीन, तू त्यातून जा. माझंच चुकलं. मिरवायचं होतं मला."

मार्लिसने भावाला असं खांदे पाडून बसलेलं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, आईच्या दफनानंतर. हा क्षण तिने मनात किती वेळा मागितला होता! सगळ्यांसमोर, भर रस्त्यात, त्याच्याच इथेनॉलने त्याचं नाक कापलं जावं. आणि आता तो समोर होता तेव्हा तिला त्यात चव लागेना.

"मी बोझेनातूनच जाणार," जोलीन म्हणाली. "आत्या गेली होती, आजी गेली होती. मी चालत येईन, पण तिच्या मागून."

"कुणी चालत येत नाही," मार्लिस म्हणाली. "टाकी सोडून द्या. एक स्वच्छ कॅन, एक नळी, आणि कॅन कार्ब्युरेटरच्या वर धरायला एक माणूस. इंधन आपोआप खाली उतरेल. आठवतं, ट्रॅक्टरला केलं होतं?"

लॅडीने मान वर केली. "कॅन मी धरला होता. तू चालवत होतीस."

"आणि मी तो कुंपणात घातला असं तू बाबांना सांगितलंस."

"तू घातलाच होतास!"

वळणावरच्या घरापाशी ओर्विल स्टारा केव्हाचा हे बघत होता. लग्नाला जायचे कपडे घालून तो फाटकाशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं होतं, की जणू मेजवानी इथेच सुरू झाली आहे.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "माझ्याकडे साधं पेट्रोल आहे. तुमच्या मक्याशिवायचं. गवत कापायच्या मशीनसाठी ठेवतो, हिवाळ्यात कार्ब्युरेटर खराब होऊ नये म्हणून. आपल्याला चालेल का?"

लॅडीने डोळे मिटले. "चालेल, ओर्विल."

"जरा मोठ्याने म्हणता का? हिला ऐकू आलं नाही." बायको शेजारीच उभी होती आणि तिचे कान उत्तम होते.

"चालेल!" लॅडी ओरडला आणि मग स्वतःच हसत सुटला. ते हसू मार्लिसला ओळखीचं होतं. नाकातून सुरू होणारं, थांबवता न येणारं.

ओर्विलने कॅन आणला, नळीही आणली. जोडली. गाडी सुरू झाली आणि मागून काळा धूर असा निघाला की जोलीन किंचाळून बाजूला पळाली. इंजिन गुदमरत होतं.

"जेट!" दोघं एकदमच म्हणाली.

जेट, म्हणजे इंधन आत सोडणारी बारीक तोटी, इथेनॉलसाठी मोठी केलेली होती, साधं पेट्रोल त्यातून जास्त जात होतं. नुसतं इथेनॉल गाळ आणतंय, नुसतं पेट्रोल धूर काढतंय.

"मिसळायचं," मार्लिस म्हणाली. "टाकीतलं थोडं काढ, गाळून घे."

"कशातून गाळू?"

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिलं. मका, खडी, आकाश. मग जोलीनने झगा वर केला, आतलं साटिनचं अस्तर धरलं आणि एका झटक्यात टरकावलं.

"कुणाला दिसणारे का आत?" ती म्हणाली. कोल्टनच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

भाऊबहीण खडीवर गुडघे टेकून बसली. तिने अस्तर ताणून धरलं, त्याने ओतलं. वासाने डोळ्यांत पाणी येत होतं.

"अजून थोडं," ती म्हणाली.

"पुरे. जास्त झालं तर चढावर दम तोडेल."

"कमी झालं तर धूर काढेल. ओत."

त्याने ओतलं. मग खाली बघतच म्हणाला, "मार्लिस, तुझी गुरं हिवाळ्यात काय खातात?"

तिचे हात थांबले. "पेंड."

"कुठली?"

"ओर्विलकडून घेते."

"आणि ओर्विल कुठून आणतो?"

फाटकाशी ओर्विलला अचानक आपल्या बुटांमध्ये रस निर्माण झाला. मार्लिसला उत्तर माहीत होतं. इथेनॉल काढून घेतल्यावर मक्याची उरलेली ती ओलसर पेंड कारखान्यातूनच यायची, आणि गुरं तिच्यावर तुटून पडायची. भावाला कळू नये म्हणून ती दुसऱ्याच्या नावावर घ्यायची.

"तुला केव्हापासून माहितीये?"

"पहिल्या गाडीपासून. ताजी भरा म्हणून मीच सांगायचो. ओर्विलच्या गाई कुठल्याही ढिगातलं खातात."

"ऐकतोय मी," ओर्विल म्हणाला.

मार्लिसला हसावं की रागवावं कळेना. तिने अस्तर पिळलं. "मी कारखान्याच्या विरुद्ध कधीच नव्हते, लॅडी. मी बोअरच्या विरुद्ध आहे. गावाचं सांडपाणी शुद्ध करून ओढ्यात सोडतात. रोज, फुकट. भट्ट्या थंड करायला तेच पाणी का घेत नाही तुम्ही?"

लॅडीने कॅनचं झाकण उगीचच दोनदा घट्ट केलं.

"इंजिनिअरनेही तेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "जमतं म्हणाला. नळी टाकायला दोन हंगाम जातील, एवढंच. संचालकांना घाई आहे."

"आणि तुला?"

"मला... ते तू सुचवलं होतंस ना. सभेत. मी त्या दिवशी जे बोललो त्यानंतर कुठल्या तोंडाने म्हणणार होतो की तिचंच बरोबर आहे?"

"तोंड तेच वापरायचं. दुसरं आहे का तुझ्याकडे?"

"तूही म्हणाली होतीस, मी आईच्या थडग्यावरसुद्धा बोअर मारीन."

ती म्हणाली होती. तो बोलल्यावर, लोक हसल्यावर, जाताजाता दारातून. तीन वर्षं तिला त्याचं वाक्य पाठ होतं. आपलं ती सोयीने विसरली होती. वाऱ्याने मक्यातून एक लाट गेली.

"ते वाईट होतं," ती म्हणाली.

"माझंही."

"ओत आता. आणि सांडू नकोस, ड्रेस नवा आहे."

यावेळी बोझेना सुरू झाली आणि तिचा आवाज गोल, भरीव, मांजरीच्या घुरघुरीसारखा आला. धूर नाही, ठसका नाही. लॅडीने हात वर केले. मार्लिस स्टिअरिंगवर बसली, कारण आता चालवणार तीच, असं लॅडीने कुणी न विचारता जाहीर करून टाकलं. बॉनेट काढून ओर्विलच्या ओट्यावर ठेवलं. कॅन धरायचं काम जावयाकडे आलं. विजेच्या गाडीचा मालक पुढच्या मडगार्डवर पाय लोंबकळत बसला, एका हातात पेट्रोल आणि मक्याच्या दारूचं मिश्रण, दुसऱ्या हाताने दिव्याचा दांडा घट्ट धरलेला.

"कसं वाटतंय?" लॅडीने विचारलं.

"ओमाहात कुणाला सांगू नका," कोल्टन म्हणाला.

चालण्याच्या वेगाने निघाली गाडी. आणि पुढच्या टेकाडावर पोचतात तोच पलीकडून आवाज आला. आधी मार्लिसला वाटलं इंजिनच काहीतरी बोलतंय. पण तो अकॉर्डियन होता. डार्लाने वाट पाहायचं सोडून दिलं होतं. हॉलमधली सगळी मंडळी तिने रस्त्यावर काढली होती. बँडवाले एका पिकअपच्या मागच्या हौद्यात, त्यांच्यामागे काका, मावश्या, पोरंटोरं, कुणाच्या हातात बिअर, कुणाच्या हातात जर्दाळूच्या कोलाच्यांचं ताट. सगळ्यांच्या पुढे स्वतः डार्ला, उंच टाचेचे बूट हातात घेऊन, मोजे घालून खडीवरून तरातरा येत होती.

"माझा नवरा कुठेय? माझी लेक कुठेय? आणि ह्या पोराला इंजिनावर कुणी बसवलंय?"

"तो इंधन आहे," एमिल खिडकीतून म्हणाला.

सिगरेटवाल्यांना लांब पिटाळलं गेलं. पोलका नाच सुरू झाला. गाडीच्या पुढे लोक नाचत मागे मागे सरकत होते, गाडी त्यांच्या मागून हळूहळू येत होती, धुळीत, उन्हात, मक्याच्या दोन भिंतींमधून. जोलीनला गाडीत बसवेना. ती उतरली, बापाला ओढलं आणि फाटक्या झग्याने नाचू लागली. लॅडीचा काळा हात तिच्या पांढऱ्या पाठीवर उमटला, पाचही बोटं. तिने ते पाहिलं आणि अजून जोरात गिरकी घेतली.

मार्लिस चाक धरून बसली होती. चढ आला तेव्हा तिने हळूच वेग दिला; बोझेना कुरकुर न करता चढली. शेजारी एमिल डोळे मिटून बसला होता.

"झोपलात, बाबा?"

"त्या रस्त्यावर तुम्ही दोघं बोलत होता तेव्हासुद्धा झोपलोच होतो," एमिल म्हणाला, डोळे न उघडता. "काच खाली होती."

हॉलवर डम्पलिंग खरोखरच थोडी घट्ट झाली होती. पण भाजलेलं डुक्कर आणि आंबट कोबी यांच्याबरोबर कुणाला फरक पडला नाही. भाषणांची वेळ आली तेव्हा नवरदेवाच्या मित्राने माइक हातात घेतला होता, तो एमिलने काढून घेतला. काठी टेकत उभा राहिला. हॉल शांत व्हायला वेळ लागला.

"मी लग्नावर बोलणार नाही," तो म्हणाला. "लग्न चांगलं झालंय, सगळ्यांना दिसतंय. मला माझ्या उत्तरेच्या तुकड्याबद्दल दोन लोक वर्षभर छळतायत. लग्नानंतर सांगतो म्हणालो होतो. झालं लग्न."

लॅडीने काटा खाली ठेवला. शेजारच्या टेबलावर कारखान्याचे तीन संचालक बसले होते, तेही चघळायचे थांबले.

"कारखाना नसता तर या हॉलात आज निम्मी माणसं असती. अर्धी पोरं शाळेसाठी तालुक्याला गेली असती. मोठा करायचा तर करा. माझा मका घ्या. पण माझ्या जमिनीत बोअर मारायचं नाही. मी जिवंत असताना नाही, मेल्यावर नाही. गावाच्या सांडपाण्याची नळी टाकायची असेल तर टाका, माझ्या शेतातून न्या, कुंपण मी काढून देतो. आणि मंगळवारी हे सांगायला मी येणार नाही. ही दोघं येतील. एकत्र. एका गाडीतून. संचालकांना घाई असेल तर त्यांनी यांच्याशी बोलावं." तो थोडा थांबला. "मी तुम्हाला आधीच सांगतो, यांच्याशी बोलणं सोपं नाही."

आधी ओर्विल हसला. मग सगळा हॉल. संचालकांपैकी एकाने, ज्याची स्वतःची विहीर मार्लिसच्या विहिरीपासून फार लांब नव्हती, पुटपुटल्यासारखं म्हटलं, "दोन हंगाम काय, निघतील." दुसऱ्याने त्याच्याकडे रागाने पाहिलं. मंगळवार सोपा जाणार नव्हता.

लॅडी टेबलाला वळसा घालून आला आणि मार्लिसच्या शेजारच्या खुर्चीत बसला. त्याने कपडे बदलले होते पण इंधनाचा वास तसाच होता. तिच्याही अंगाला येत होता.

"ते अध्यक्षपद काढून घेतील माझं," तो म्हणाला.

"शक्य आहे."

"तू घाबरली नाहीस?"

"मी कशाला घाबरू? गेलं तर माझ्याकडे ये. गुरांना पेंड टाकायला माणूस हवाच आहे."

तो नाकातून हसू लागला. डार्ला समोरून आली, एक शब्द न बोलता वाकली, त्या दोघांसमोरची पेटलेली मेणबत्ती उचलली आणि लांबच्या टेबलावर नेऊन ठेवली. तेव्हा मात्र मार्लिसला आवरेना. ती भावाच्या खांद्यावर डोकं टेकून हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. बँडने नवा पोलका धरला, आणि लॅडीने तिच्यापुढे हात केला. हात धुतलेला होता, पण नखं काळीच.

"माझ्या पायावर पाय देशील," ती म्हणाली.

"देईन," तो म्हणाला.

ती उठली.